पाय काढून बसत जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून छकुलीच्या दप्तरातून हे पत्र पाठवतेय.

सोमवारी अर्ज भरून आलास आणि चहा न घेताच तणतणत गेलास. अण्णा म्हणतात, आजच्या दिवशी तरी रडायचं नव्हतंस. मी निवडणुकीवरून रडले नव्हते रे. तुझा मोजा धुवायला घेतला, उलटा केला, तर आत टोकाशी रुपयाएवढा डाग. तपकिरी, वाळलेला. म्हणजे दोन-तीन दिवसांचा.

पायाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. झालं.

सरपंच तू चांगला होशील. ग्रामसभेत टाकीच्या कामाचा हिशेब मागितलास तेव्हा मी बायकांत मागे बसून पदराआड हसत होते. बॅनरवर वर्दीतला फोटो लावू दिला नाहीस, "पाय दाखवून मतं मागायची नाहीत" म्हणालास, तेही आवडलं. पण म्हणून लोकांच्या ओसरीवर तासन्‌तास पाय बांधूनच बसायचं? सदस्यांनी सरपंच निवडायचा असता तर चार घरं फिरून भागलं असतं. 2022 पासून पुन्हा थेट गावानेच निवडायचा, त्यामुळे तू मळ्यातलं एक घर सोडत नाहीस. दिवसभरात स्टंप, म्हणजे तुझा उरलेला पाय, बारीक होतो, कृत्रिम पायाचं सॉकेट ढिलं पडतं आणि नेमकं तिथेच घासतं. वर आणखी एक मोजा चढवायला दोन मिनिटं लागतात. पण त्यासाठी चारचौघांत पाय काढावा लागतो ना!

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मी ऐकलंय सगळं. लाली लवकर गेली नाही तर पाय घालायचा नाही, जखम झाली तर भरेपर्यंत कुबड्या. तिथेच तू पहिल्यांदा दोन दांड्यांच्या मध्ये उभा राहिलास, बनियन घामाने चिंब, आणि मला विचारलंस, "आई, उंची वाढली का गं?" वाढली होती खरंच, थोडी. त्या बाजूने. नंतर त्यांनी ती कमी करून दिली.

बघ, शिकवायलाच लागले. रागावू नकोस. सुरुंगावरून परत आलेल्या माणसाला मी काय सांगणार?

छकुलीने मोबाइलवर अमेरिकेतल्या टॅमी डकवर्थबाईंचं वाचून दाखवलं. 2004 साली इराकमध्ये हेलिकॉप्टरवर रॉकेट आदळलं, दोन्ही पाय गेले. 2006 च्या निवडणुकीत पडल्या. 2012 ला निवडून आल्या, 2016 ला सिनेटवर. छकुली म्हणाली, "बघ आजी!" मी बघितलं. पण त्या पहिल्या प्रचारात त्यांना रात्री किती दुखत होतं, ते काही तिने वाचलेल्या पानात नव्हतं. त्यांची आई असेल तर तिला ठाऊक.

पडलास तर पडलास. मला त्याची भीती नाही. जखम चिघळली तर डॉक्टर पुन्हा वर कापायला लागतील, ही भीती आहे. लिहूनच टाकलं.

माघारीची मुदत गुरुवारपर्यंत आहे. घे, असं म्हणत नाही. वर एक ओळ खोडलेली दिसेल, तिथे म्हटलं होतं. अण्णांनी वाचलं आणि खोडायला लावलं.

मोजे धुऊन दप्तरात ठेवलेत, साबण नीट निघालाय. कुबड्या माळ्यावरून काढून पुसल्यात. छकुलीला झेपायच्या नाहीत, उद्या अण्णा आणून देतील. त्यांना परत पाठवू नकोस.

तुझी आई