‘किरकोळ’ ग्रीक मंडळींची बाजू

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ग्रीक पुराणकथांवरचा लेख आवडला. झ्यूस, हेरा, अपोलो, हर्क्युलिस, सगळे बडे त्यात आले. मात्र ‘इतर किरकोळ पात्रे जागेअभावी गाळली आहेत’ या शेवटच्या ओळीला माझी हरकत आहे. मी नोकरीभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या विषयात गाठ पडते ती या किरकोळ मंडळींशीच. मोठ्या देवाचं नाव बहुधा मान म्हणून दिलं जातं; लहान पात्राचं नाव दिलं जातं ते त्याची गोष्ट त्या वस्तूला चपखल बसते म्हणून.

टँटलसचं घराणंच घ्या. या राजाने देवांची परीक्षा पाहायला पोटच्या पोराला, पेलॉप्सला मारून त्याचं मांस देवांच्या पंगतीत वाढलं. शिक्षा अशी झाली की पाताळात हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. प्यायला वाकलं की पाणी ओसरतं, हात वर केला की फळांनी लगडलेली फांदी वाऱ्याने लांब जाते. १८०२ मध्ये स्वीडनच्या एकेबर्गला नवा धातू सापडला. त्याचं ऑक्साइड आम्लात कितीही बुडवून ठेवा, आम्लाशी त्याचं काही देणंघेणं नाही. एकेबर्गने नाव ठेवलं टँटलम.

१८४४ ते १८४६ दरम्यान जर्मनीच्या हाइन्रिश रोझने याच जातकुळीच्या खनिजात दोन नवी मूलद्रव्यं असल्याचं जाहीर केलं आणि टँटलसच्या पोरांची नावं त्यांना देऊन टाकली, नायोबियम आणि पेलोपियम. पैकी पेलोपियम पुढे खोटं ठरलं. बिचारा पेलॉप्स! अर्थात ग्रीसचा अख्खा पेलोपनीज द्वीपकल्प त्याच्या नावावर आहे, तेव्हा फार हळहळायला नको.

नायोबीची कथा जास्त दारुण आहे. ‘लेटोला दोनच, माझी बघा किती’ अशी फुशारकी तिने मारली. लेटोची ती दोन म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस. त्यांनी बाणांनी तिची मुलं टिपली. होमर बारा सांगतो, ओव्हिड चौदा. रडून रडून ती दगड झाली. तुर्कस्तानात मनिसाजवळच्या डोंगरात बाईच्या चेहऱ्याचा एक खडक आजही तिचा म्हणून दाखवतात. आवर्तसारणीत ४१ क्रमांकाच्या नायोबियमच्या बरोबर खाली ७३ क्रमांकाचा टँटलम येतो. रोझने १८४४ मध्ये नायोबियम हे नाव दिलं तेव्हा मेंडेलीव्हची सारणी यायला २५ वर्षं अवकाश होता! दोघांच्या आयनांचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे बापलेक खनिजात एकत्र सापडतात आणि वेगळे करताना नाकीनऊ आणतात. आज मोबाइलमधल्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये टँटलम असतो, तर एमआरआय यंत्राच्या चुंबकाची तार नायोबियम-टायटॅनियमची असते.

दुसरी ॲट्रोपोस. तीन नियतीदेवतांपैकी एक आयुष्याचा धागा कातते, एक मापते आणि ही कापते. बेलाडोना या विषारी झुडपाच्या प्रजातीला लिनियसने हिचं नाव दिलं, ॲट्रोपा. त्यातूनच ॲट्रोपिन आलं. कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण येतो तेव्हा तोंडातून फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. विष ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर डॉक्टर छाती मोकळी होईपर्यंत ॲट्रोपिनची इंजेक्शनं देत राहतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या वाचकांना आठवत असेलच. धागा कापणारीच्या नावाचं औषध माणूस वाचवायला धावतं, हे लेखात यायला हवं होतं.

आकाशातही हेच. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे चालणाऱ्या लघुग्रहांना ट्रोजन युद्धातली नावं आहेत, पुढे ग्रीक छावणी, मागे ट्रॉयची. हा नियम ठरण्याआधीच नावं पडल्यामुळे ग्रीकांचा पॅट्रोक्लस शत्रूच्या गोटात आणि ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांत अडकला आहे. ओडिसियसचा भालदार युरिबेटीस महाकाव्यात मोजक्या ओळींपुरता येतो, तरी २०२१ मध्ये निघालेलं नासाचं ‘ल्युसी’ यान त्याच्या नावाच्या लघुग्रहाकडे चाललं आहे.

आपल्याकडे तरी वेगळं काय? निवडणुकीचा निकाल अडकला की विश्वामित्राचं नाव कुणी काढत नाही, मथळ्यात त्रिशंकूच येतो, आणि आपल्याच पानावर येतो.

तेव्हा लेखाचा दुसरा भाग या मंडळींवर छापावा ही विनंती. आणखी एक, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘थिसियस’ छापलं आहे. मेडुसाचं मुंडकं उंचावून उभा असलेला, फ्लॉरेन्समधला चेल्लिनीचा तो पुतळा पर्सियसचा आहे. दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली