एकशे तीन फुटांची सुतळी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर मोठं काही लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागदावर लिहितेय. फोटो काढूनच पाठवणार आहे, पण मोठा करून नीट वाच. सूनबाईलाही दाखव.

तू आखलेला कार्यक्रम बघितला. चार दिवसांत कॅलिफोर्नियातली उद्यानं, म्हणजे योसेमिटी, सिकोया, मग पार वर ओरेगॉनच्या सीमेजवळचं रेडवुड, आणि येताना सॅन फ्रान्सिस्कोचा तो लाल पूल. अरे, आम्ही झाडं बघायला येतोय, टपाल वाटायला नाही. जगातलं सर्वांत उंच झाड रेडवुडमध्ये आहे, ३८० फूट, कबूल. पण त्या हायपेरियनपाशी जायला २०२२ पासून बंदी आहे, पकडलं तर दंड आणि वर कैदसुद्धा. मग एवढा वेळ गाडीत अंग आंबवून घ्यायचं कशाला? शिवाय बाबांना उंचीचं कौतुक नाहीच. "माडही उंचच असतो," म्हणाले. त्यांना बघायचाय तो घेर.

तुला माहीतच आहे, चौतीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढलेला माणूस. देवळात गेले तरी आधी बाहेरच्या आंब्याच्या गोलाईचा अंदाज घेतात, मग हात जोडतात. सिकोया उद्यानातल्या जनरल शर्मन नावाच्या झाडाच्या बुंध्याचा घेर जवळजवळ १०३ फूट आहे हे मी वाचून दाखवलं, तर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळीचे दोन गुंडे घेऊन खळ्यात हजर. एक कमी पडला म्हणून दुसरा गाठ मारून जोडला. टेपने मोजून १०३ फुटांवर खूण केली आणि गोल मांडायला लागले. खळ्यात मावेना! तुळस आत गेली, डोण आत गेली, खुराडं आत गेलं, तरी सुतळी उरतेच आहे. शेवटी पायरीवरून पडवीत न्यावी लागली. गडग्यापलीकडून शेजारीण विचारते, "मांडव घालताय काय वहिनी?" बाबा त्या गोलाच्या मध्यात उभे राहून वर बघत होते. वर काही नव्हतं, ढग होते.

मग हिशेब. वखारीतला नेहमीचा, गोलाईला चारने भागायचं, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. उंची २७५ फूट. मी पटकन गुणाकार करून सांगितलं तर ओरडले, "बुंध्याची गोलाई कुणी घेतं का? मधली घेतात." पुस्तकात ५२,५०० घनफूट दिलंय, म्हणून आकारमानाने ते जगातलं सर्वांत मोठं झाड. हा आकडा त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. आणि एक गंमत, तिथे कावेया नावाची समाजवाद्यांची वसाहत होती, ते लोक याच झाडाला कार्ल मार्क्स म्हणायचे. काकांना सांगितलं तर म्हणाले, मग मीही येतो. त्यांना आणणार नाही, काळजी करू नकोस.

आता आमचं म्हणणं ऐक. रेडवुड खोडून टाक. योसेमिटी तुम्हाला हवं तर परत कधीतरी. मुक्काम एकाच जागी कर, सिकोयाला लागून असलेल्या ग्रँट ग्रोव्हला, दोन रात्री. तिथलं जनरल ग्रँट झाड २६८ फूट आहे, भोवतालची वाट छोटी आणि डांबरी, बाबांच्या गुडघ्याला झेपेल. त्याच वाटेवर एक आडवं पडलेलं पोकळ झाड आहे, त्यातून माणूस उभ्याने चालत जातो. पूर्वी घोडदळाचे घोडे त्यात बांधत. शर्मनची गोष्ट वेगळी. वाहनतळापासून झाडापर्यंत अर्धा मैल उतार आणि पायऱ्या, जाताना मजा आणि येताना दम. त्यात जागा ७,००० फुटांवर. उन्हाळ्यात फुकट शटल असते, ती खालच्या रस्त्यावरही थांबते म्हणे. तेव्हा उतरायचं चालत आणि परत यायचं शटलने. हे तू आधी नक्की करून ठेव. पेट्रोल खालीच भरून घे, उद्यानात पंप नाही.

तुझ्या यादीत नसलेली एक जागा मात्र हवी. कन्व्हर्स बेसिन. ग्रँट ग्रोव्हहून फार लांब नाही, पण रस्ता कच्चा आहे. तिथे नुसते बुडखे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथलं अख्खं रान तोडलं, हजारो वर्षांची झाडं. फळ्या लाकडी पाटातून पाण्याबरोबर ५४ मैल खाली सँगर गावापर्यंत सोडायचे. त्यातला एक बुडखा शिकागो स्टंप. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनासाठी ते झाड तोडलं, तुकडे करून नेलं आणि तिथे पुन्हा जोडून उभं केलं, तर लोक म्हणाले, एवढं झाड असूच शकत नाही, ही बनवाबनवी आहे. आपले विवेकानंद बोलले ते याच वर्षी, याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत.

बाबांना तो बुडखाच बघायचाय. "उभं झाड बघायला कोणीही जातं," म्हणाले, "मला करवत कुठून घातली ते बघायचंय." पश्चात्ताप वगैरे काही मनात आणू नकोस, हे कारागिराचं कुतूहल. पण मी पुढे वाचलं की ते लाकूड ठिसूळ, झाड आपटलं की ओंडक्याच्या ठिकऱ्या व्हायच्या, कितीतरी तिथेच टाकून द्यायचे, आणि उरल्याचे कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या करायचे. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मग तोडली कशाला?" एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी पुढे वाचू दिलं नाही.

कच्चा रस्ता बंद असला तर जनरल ग्रँटजवळही एक बुडखा आहे, १८७५ साली तोडलेला. तो चालेल, पण आधी पहिल्याची चौकशी कर.

आणि एक मागणी, राग मानू नकोस. एक सकाळ आम्हाला दोघांना झाडाखाली सोड आणि तुम्ही छोटीला घेऊन कुठेही जा. चार तासांनी या. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुझी मुंज, सगळीकडे बरोबर दहा माणसं. फोटो आम्ही आमचे काढू, फोन मला येतो.

आंबा आटोपला की, मिरगानंतर निघू. तिथला बर्फ तोवर उतरला असेल ना ते बघ. अस्वलं आहेत म्हणून खाण्याचं काही गाडीत ठेवायचं नाही, लोखंडी पेटीत ठेवायचं, साबणसुद्धा, हेही वाचलं. तेव्हा लाडू आणि चकल्या मी मोजक्याच आणते, लोणचं मात्र तुझ्या घरीच उतरवू.

सिकोया झाडाची साल दोन दोन फूट जाड असते, म्हणजे सव्वा हाताहून जास्तच, आणि आग लागल्याशिवाय त्याचं बी नीट रुजत नाही असं वाचल्यापासून बाबा रोज पडवीत येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगतात. तू फोनवर अजिबात माहीत नसल्यासारखं ऐकून घे.

टेप मी बॅगेतून दोनदा बाहेर काढली, दोनदा परत आत गेली. सुतळीही गुंडाळून तिथेच ठेवलीय, गाठीसकट.

तुझी आई