मृताच्या घरच्यांना उत्तर देणारा अधिकारी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ११ सप्टेंबरच्या सुमारास आपल्याकडे २००१ साली अपहृत विमाने आदळवून अमेरिकेवर झालेल्या हल्ल्याची, न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांची आणि पेंटॅगॉनची आठवण निघते. पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिल गावाजवळ कोसळलेल्या चौथ्या विमानाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी येतात आणि त्या जागेची जबाबदारी पुढे कितीतरी वर्षे वाहणाऱ्या सॉमरसेट काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोरोनरचे, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, वॉली मिलर यांचे, नाव तर क्वचितच वाचायला मिळते. नायब तहसीलदार असताना कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने मरणोत्तर चौकशीच्या कामाशी माझा संबंध आला होता; त्यामुळे या माणसाच्या कारकिर्दीविषयी लिहावेसे वाटले.

सॉमरसेट ही त्या काळी सुमारे ऐंशी हजार वस्तीची, शेती आणि कोळशाच्या खाणी यांवर वाढलेली डोंगराळ काउंटी. पेनसिल्व्हेनियातील बहुतेक काउंट्यांत कोरोनर चार वर्षांसाठी निवडणुकीने येतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे, अशी अट नाही. शवविच्छेदन तज्ज्ञ डॉक्टर करतात. मात्र मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्येचा की मनुष्यवधाचा, याचा निर्णय कोरोनरचा असतो. मिलर यांच्या घरचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनीही हे पद सांभाळलेले. अशा मुलखात कोरोनर ज्याच्या मृत्यूची चौकशी करतो, तो माणूस आणि त्याचे घर बहुधा त्याच्या ओळखीचे असते.

या माणसापुढे २००१ साली जे काम आले, ते महानगरातील सुसज्ज खात्यालाही पेलले नसते. सकाळी १० वाजून ३ मिनिटांनी युनायटेड एअरलाइन्सचे ९३ क्रमांकाचे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने एका जुन्या, बुजवलेल्या उघड्या खाणीच्या जमिनीत घुसले. विमानात ४० प्रवासी व कर्मचारी आणि ४ अपहरणकर्ते होते. आघात इतका भीषण होता की अखंड देह असा एकही उरला नाही. मानवी अवशेषांपैकी जेमतेम ८ टक्के हाती लागले. सॉमरसेटमधील नॅशनल गार्डच्या इमारतीत तात्पुरते शवागार उभे राहिले, देशभरातून न्यायवैद्यक तज्ज्ञांचे पथक आले, आणि दातांच्या नोंदी, बोटांचे ठसे व डीएनए यांच्या आधारे डिसेंबरपर्यंत त्या चाळीसही जणांची ओळख पटवण्यात आली. अपहरणकर्त्यांचे डीएनए नमुने कोणाशीच न जुळल्यामुळे वेगळे काढता आले. ही किमया तज्ज्ञांची होती, आणि तिचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे.

मला मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने आपले पुरावे गोळा करून २४ सप्टेंबरला ती जागा कोरोनरच्या ताब्यात दिली आणि केंद्राची माणसे परत गेली. मिलर मात्र तिथेच राहिले. ती जागा म्हणजे स्मशानभूमी आहे, हे धरून त्यांनी ती बघ्यांपासून जपली, पुन:पुन्हा पायी धुंडाळून सापडेल ते गोळा केले, आणि देशभर विखुरलेल्या कुटुंबांशी स्वतः संपर्क ठेवला. ओळख न पटलेले अवशेष तीन शवपेट्यांत ठेवून १२ सप्टेंबर २०११ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, त्याच भूमीत पुरण्यात आले. तोवर ते जपून ठेवण्याची जबाबदारी कोरोनरचीच होती. अपघातस्थळी देह दिसलेच नाहीत, हे त्यांनी सरळपणे सांगितलेले वाक्य मागचेपुढचे संदर्भ तोडून कटकारस्थानाच्या कथा रचणाऱ्यांनी वापरले. खरे बोलणाऱ्या अधिकाऱ्याला ही किंमत कुठेही चुकत नाही.

डॉक्टर नसलेल्या माणसाने मृत्यूचा प्रकार ठरवावा का, असा आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो आणि तो रास्त आहे. फिलाडेल्फियासारख्या शहरात वैद्यकीय अधिकारीच हे काम पाहतात. पण त्या वादात एक गोष्ट निसटते : कुटुंबाला ज्याच्या दारात जाऊन विचारता येईल, असा एक ठरलेला माणूस तिथे आहे. आपल्याकडे मुंबईत १८७१च्या कायद्याने कोरोनर होते; ते पद १९९९ मध्ये संपले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४नुसार अकस्मात मृत्यूची नोंद आणि मरणोत्तर पंचनामा पोलीस करतात, विवाहानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्याला चौकशी करावी लागते, आणि शवविच्छेदन शासकीय रुग्णालयात होते. कागद सगळे तयार होतात. पण व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अंतर्गत अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत का अडकला, अहवाल कधी मिळणार, हे सांगण्याचे काम यांपैकी कोणाचेच नाही. विहिरीत बुडून गेलेल्या मुलाचा बाप पोलीस ठाण्यात गेला की त्याला रुग्णालयाकडे बोट दाखवतात, रुग्णालयात गेला की ठाण्याकडे, आणि विम्याचे किंवा शासकीय मदतीचे प्रकरण तेवढ्यात मुदतीबाहेर जाते. आमच्या कचेरीतही अशी माणसे येत; अधिकार आमचा नसल्याने आम्ही त्यांना पुढच्या दाराची वाट दाखवत असू.

त्यासाठी निवडणुका घेण्याची किंवा नवा कायदा करण्याची गरज मला दिसत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात किंवा तहसील कार्यालयात एका अधिकाऱ्याचे नाव फलकावर लावावे. अकस्मात मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणात शवविच्छेदनापासून अंतिम अहवालापर्यंतची स्थिती मृताच्या वारसाला लेखी कळवणे, हे त्याचे नेमून दिलेले काम असावे. गृह आणि आरोग्य या दोन्ही विभागांनी संयुक्त परिपत्रक काढले तरी याची सुरुवात होऊ शकते. तसे ते काढावे, ही विनंती आपल्या पत्रामार्फत शासनाला करत आहे.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार, सातारा