विटांचे जुने धुराडे आतून पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नये

संपादक महोदय,

आपले वृत्तपत्र अमेरिकेतील मराठी कुटुंबेही वाचतात. त्यांपैकी जी ईशान्येकडच्या थंड राज्यांत जुनी घरे घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये आम्ही १९२० पूर्वी बांधलेले लाकडी घर घेतले, तेव्हा दिवाणखान्यातली लाकडाची शेगडी पाहून मला आजोळच्या तांब्याच्या बंबाची आठवण झाली होती. शेगडी घराइतक्याच जुन्या विटांच्या धुराड्याला जोडलेली होती. खरेदीआधी तपासनिसाने ते फक्त बाहेरून पाहिले आणि ठीक असल्याचे लिहून दिले. तिसऱ्या हिवाळ्यात माडीवरच्या खोलीत, धुराडे ज्या भिंतीतून वर जाते त्या भिंतीवर तपकिरी ओघळ उमटले. पाणी झिरपत असेल म्हणून बोट लावून पाहिले, तर ते चिकट होते आणि त्याला जळक्या डांबराचा वास येत होता. धुराडी साफ करणाऱ्या कारागिराने आत कॅमेरा सोडला, तेव्हा आत भाजलेल्या मातीच्या नळांचे अस्तरच नसल्याचे कळले. मग माळ्यावर जाऊन त्याने विटांच्या एका सांध्यात खिळा फिरवला, तर मूठभर चुना वाळूसारखा खाली सांडला. त्या सांध्यापासून छताचा लाकडी वासा जेमतेम दोन बोटांवर होता.

शंभर वर्षे टिकलेले धुराडे भक्कमच असणार, ही समजूत इथे फसवी ठरते. ही धुराडी ज्यासाठी बांधली जात, त्या उघड्या फायरप्लेसमध्ये धुराबरोबर खोलीतली भरपूर हवा आणि बरीचशी उष्णता वर निघून जात असे. बंद शेगडी मात्र उष्णता घरात ठेवते आणि थोडाच, तुलनेने थंड धूर वर सोडते. आमच्या शेगडीचे धूर सोडणारे तोंड सहा इंच व्यासाचे आणि धुराड्याची पोकळी आठ बाय बारा इंचांची, म्हणजे क्षेत्रफळाने तिप्पटीहून मोठी. तिथे धूर रेंगाळतो, सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली निवतो आणि क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर विटांवर धरतो. लाकूड ओले असेल तर आणखी लवकर. हा थर पेटला की आतले तापमान १,००० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि अशा वेळी भुसभुशीत सांध्यापलीकडच्या वाशाचे काय होईल, या विचाराने आम्हाला कित्येक रात्री झोप लागली नाही.

सरळ आणि धड असलेल्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलचा नळ सोडून, भोवती उष्णतारोधक भरून काम भागते. आमच्याकडे वरचा भाग कललेला होता, त्यामुळे आम्ही विटा पायापर्यंत उतरवल्या आणि दुहेरी भिंतीचे, उष्णतारोधक भरलेले पोलादी धुराडे बसवले. सुमारे १,१५० अंशांची आच दहा-दहा मिनिटे तीनदा सोसण्याच्या चाचणीतून या प्रकारचे नळ पास व्हावे लागतात. तरीही लाकडापासून दोन इंच मोकळी जागा सोडावीच लागते, आणि त्या फटीत कापूस किंवा काचतंतू कोंबायचा नसतो. नळाचे टोक छपरापासून किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच ठेवावे लागते. खर्च शेगडीच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. तो टाळता आला असता असे मला वाटत नाही.

घर विकले जाताना किंवा शेगडी बदलताना धुराडे आतून, कॅमेऱ्याने तपासावे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या एनएफपीए २११ या मानकात सांगितले आहे. दर वर्षीची साधी तपासणी वेगळीच. घर घेणाऱ्यांनी ‘आतून पाहिले का?’ हा प्रश्न सौदा पक्का होण्याआधी विचारावा आणि उत्तर छायाचित्रांसह लेखी घ्यावे. जे आज अशा घरात राहत आहेत, त्यांनी पहिल्या थंडीआधी ही तपासणी करून घ्यावी आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आजच लावावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, मॅसॅच्युसेट्स