पत्रा घाला, पण पोकळी ठेवून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कौले उतरवून पत्रा घातला आणि घराची भट्टी झाली, अशा तक्रारीची पत्रे आपल्या अंकात अधूनमधून वाचतो. त्यावर कोणी फॉल्स सीलिंगचा सल्ला देतो, कोणी पांढऱ्या रंगाचा, तर कोणी सरळ ‘पुन्हा कौलांकडे वळा’ म्हणून मोकळा होतो. मी बर्फाच्या कारखान्यात फिटर होतो, आता निवृत्त आहे. बाहेरची उष्णता आत शिरू नये, एवढ्यासाठीच आम्हाला पगार मिळायचा. म्हणून या वादात चार शब्द.

कौले सोडली म्हणून लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की पंचवीस-तीस कौलांचा चुरा ठरलेला. दरवर्षी मेअखेर शाकारणी, म्हणजे कौले उतरवून पुन्हा नीट रचणे, करायची तर वर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. शहरात नोकरीला असलेल्या मुलाने गावी म्हाताऱ्या आईबापांसाठी पत्रा घातला तर तो शहाणपणाच केला. माझा आक्षेप पत्र्याला नाही. तो ज्या पद्धतीने ठोकला जातो, त्या पद्धतीला आहे.

आता कौलांविषयी. ‘कौल उष्णता अडवते’ हे वाक्य आपण इतके गृहीत धरले आहे की कोणी हिशेबच केला नाही. पोलाद उष्णता वाहून नेण्यात भाजलेल्या मातीच्या साठेक पट पुढे आहे, हे खरे. पण कौलाची जाडी किती? जेमतेम अर्धा ते पाऊण इंच. एवढ्याशा मातीने जो अडथळा होतो, तो अर्धा मिलिमीटर स्तब्ध हवेच्या थरानेही होतो. अर्धा मिलिमीटर! म्हणजे निव्वळ पदार्थ म्हणून पाहिले तर कौल फारसे काही अडवत नाही. कौलारू घर गार राहायचे ते बाकीच्या गोष्टींमुळे. कौलाकौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निसटायची. आढे उंच असायचे. खाली लाकडी माळा असायचा, त्यावर भाताची कणगी, पेंढा, सुकवलेली आमसुले, अडगळ. शिवाय एक चौरस मीटर कौलांचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते, पत्र्याचे चार. त्यामुळे कौल सावकाश तापते आणि पत्रा उन्हाची तिरीप आली की लगेच. पत्रा घालताना आपण कौलांबरोबर फटी बुजवल्या, उंची कमी केली, माळाही काढून टाकला, आणि मग खापर फोडले ते बिचाऱ्या लोखंडावर.

स्वित्झर्लंडच्या बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले पुढे किनाऱ्याने वर आपल्याकडे कोकणात आली. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची, म्हणजे अर्धगोल देशी कौलांची, आणि गवताची छपरे होती. त्या गवतात खरा अडथळा होता, कारण काडीकाडीत हवा कोंडलेली असे. पण पावसाळा आणि आग या दोन्हींपुढे ते टिकत नसे.

पत्र्याखाली नेमके काय होते ते पाहायचे तर एक सोपा प्रयोग आहे. मेच्या दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत उभे राहा आणि डोक्यावर हातभर उंचीवर एक सूप धरा. टाळूची काहिली त्याच क्षणी कमी होते. सूप बाजूला करा, पुन्हा चटका सुरू. तेवढ्यात खोलीतली हवा काही बदललेली नसते. हा चटका हवेतून येतच नाही, तो तापलेल्या पत्र्याकडून किरणांच्या रूपाने थेट अंगावर येतो, जसा चुलीसमोर बसल्यावर तोंडावर येतो. व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये याचा नियम मांडला: अशी बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घातात वाढते. ढोबळ हिशेब सांगतो. आपल्या त्वचेचे तापमान ३४ अंश धरा. ४५ अंशांच्या कौलाखाली बसलेल्या माणसाला छताकडून चौरस मीटरला निव्वळ ७५ वॅटच्या आसपास उष्णता मिळते. छत ६५ अंशांचे असेल, आणि उन्हातला पत्रा तेवढा सहज तापतो, तर हा आकडा २३५च्या घरात जातो. वीस अंशांचा फरक, पण अंगावरचा मारा तिप्पट.

पंखा लावून हे थांबत नाही. वाऱ्याने किरण अडत नाहीत. उलट छताखाली जमलेला गरम हवेचा थर पंखा खाली ढकलतो. पंख्याचा खरा उपयोग घाम सुकवण्यापुरता, आणि कोकणात तिथेही मार बसतो. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो, पण वाळला तर! आपल्याकडच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. घाटावरचे पाहुणे ‘तुमच्याकडे पारा पस्तीसच्या वर नाही, मग एवढे काय?’ म्हणतात, त्यांना हे एकदा समजावून द्यावे लागते.

स्लॅबचे दुखणे निराळे आहे. पत्र्याच्या दुखण्यावरचे औषध त्याला चालत नाही. पत्रा सूर्य कलला की तासाभरात निवतो. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलो. तो दिवसभर उष्णता पीत राहतो आणि तिची लाट खालच्या बाजूला पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी एकला ठीक वाटणारी खोली रात्री नऊला असह्य होते. पन्नास चौरस मीटरचा स्लॅब दहा अंशांनी निवायचा तर छत्तीस युनिट विजेइतकी उष्णता त्याला बाहेर टाकावी लागते. देशावर रात्री आकाश कोरडे असते, तिथे ती बरीचशी वर निघून जाते. आपल्याकडे हवेतली वाफ त्यातला मोठा वाटा परत खाली धाडते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात खरे, पण ते आत यायला समोरासमोर खिडक्या हव्यात, आणि डास व चोर यांच्या भीतीने त्या बंद असतात.

गळती थांबावी म्हणून अनेकांनी स्लॅबवर पत्र्याची शेड उभारली आहे. त्यांनी नकळत उत्तम काम केले. बाजू उघड्या असतील तर वारा शेडखालून तापलेली हवा ओढून नेतो आणि स्लॅब सावलीत राहतो. त्याच बाजू आता काही जण पत्र्याने बंद करून वर खोली काढतात. मग उपयोग गेला. ज्यांना शेड परवडत नाही त्यांनी उन्हाळ्याआधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारावेत. मेमध्ये कोकणपट्टीवर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावरून जातो. छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेव्हा हजार वॅटच्या आसपास ऊन पडते. भिंतींवर त्या वेळी फारसे पडत नाही, म्हणून चिरा की वीट हा वाद मला दुय्यम वाटतो. ताजा पांढरा चुना यातले बरेचसे ऊन परतवतो. मात्र आपल्या पावसात तो टिकत नाही आणि वर काळे शेवाळ धरते. पाचसात वर्षांच्या हमीचे महागडे रंगही शेवाळ धरल्यावर तेवढेच काळे दिसतात. शिमग्याच्या आसपास दरवर्षी चुना, हे स्वस्तात पडते.

मूळ मुद्दा हवेचा. आमच्या कारखान्यात ब्राइनच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टाकीत उणे दहाच्या आसपास तापमान आणि वर माणसे चालतात ती लाकडी झाकणे. टाकीभोवती जुन्या काळी बुचाचे थर असत, पुढे थर्माकोल आला. बूच काय, थर्माकोल काय, लाकडाचा भुसा काय, या सगळ्यांची करामत एकच: हवेला लहान लहान कप्प्यांत अडकवून ठेवायचे. अडकलेल्या हवेइतका स्वस्त अडथळा दुसरा नाही. १८३३ मध्ये बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोचले तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. ना कॉम्प्रेसर, ना गारवा आणणारा अमोनिया वायू. दुहेरी फळ्या, मध्ये झाडाच्या सालीचा चुरा, आणि गवत. आजही हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर भुशातली बर्फाची लादी उन्हात तग धरून असते ती त्याच हिशेबाने.

पण अडकलेली हवा कोरडी हवी. पाणी स्तब्ध हवेच्या वीसहून अधिक पट उष्णता वाहते. मासेमारी ट्रॉलरच्या बर्फाच्या खणातले थर्माकोल एकदा पाणी प्यायले की मासळी खराब होते आणि नावे बर्फवाल्याला ठेवली जातात. पत्र्याखाली ग्लासवूल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. खिळ्याच्या भोकातून एक पावसाळाभर थेंब थेंब झिरपले तरी ते ओल्या गोधडीगत जड होते आणि कामातून जाते. थर्माकोलच्या सीलिंगवर उंदीर संसार थाटतात, आणि ते पेट घेते ही त्याहून मोठी गोष्ट.

चकचकीत फॉइलचा उपाय मला पसंत आहे. फॉइल स्वतः फारच थोडे किरण सोडते. पण बसवणारे कारागीर ते पत्र्याला चिकटवतात आणि त्याच्या खालून लगेच प्लायवूड ठोकतात. असे दोन्हीकडून दाबलेले फॉइल म्हणजे आणखी एक पातळ धातूचा पत्रा, त्यातून उष्णता सरळ पार होते. त्याच्या चकचकीत बाजूसमोर बोटभर तरी मोकळी हवा हवी, आणि ती बाजू खाली तोंड करून हवी. वर तोंड केले तर धूळ आणि खारी हवा वर्षा-दोन वर्षांत तिची चमक घालवतात.

आमच्या गावच्या शाळेची कौले यंदा उतरवायची आहेत. माकडांनी जीव नकोसा केला आहे, ग्रामसभेत कोणीच विरोध केला नाही, मीही नाही. अंदाजपत्रक मागून पाहिले. पत्रा, अँगल, जे-हुक, रंग, वाहतूक, सगळे आहे. पत्र्याखाली सीलिंग नाही, आढ्याला वारा जायला जागा नाही, आणि छताची उंची दोन फुटांनी कमी धरली आहे, कारण तेवढे लोखंड वाचते. परीक्षा आटोपत येतात तेव्हा, ऐन उन्हाळ्यात, पहिली-दुसरीची मुले त्याखाली बसणार.

माझी सूचना अशी. जुने वासे आणि रिपा धड आहेत, त्या उतरवू नयेत. त्यांच्या खालून बांबूची चटई किंवा साध्या फळ्या माराव्यात, पत्रा त्यांच्यावर वीतभर उंच घ्यावा. वळचणीला आणि आढ्याला जाळी लावून फट सोडावी, म्हणजे मधली हवा तापली की आपोआप वर निघून जाईल आणि खालून नवी येईल. पाऊस आत येऊ नये म्हणून आढ्यावर रुंद टोपी. जाळी बारीक हवी, नाहीतर वटवाघळे येतात. याचा खर्च रंगाच्या आणि कमानीवरच्या नावाच्या पाटीच्या खर्चात भागेल असा माझा अंदाज आहे, आणि गावात दोन सुतार अजून हे काम जाणतात.

ज्या वाचकांच्या गावी शाळा, अंगणवाडी किंवा देवळाच्या सभामंडपावर असे काम निघाले असेल, त्यांनी पत्रा चढण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत मागावी. पत्रा चढल्यावर आमच्यासारख्या फिटरचे कोणी ऐकत नाही.

आपला,
एक वाचक
ता. जि. रत्नागिरी