युकुलेलेला ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

नाशिक

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

‘बाबा, युकुलेले विकून गिटार घेऊ का? सगळे हसतात,’ असं तू फोनवर म्हणालीस. गिटार मनापासून शिकावीशी वाटत असेल तर जरूर घे. पण लोक हसतात म्हणून घेणार असशील, तर आधी कोण कशासाठी हसतंय ते तरी बघ. सगळ्यांना उत्तर द्यायची गरज नसते.

साखरपुड्यात काका म्हणाला, ‘गिटारचं पिल्लू आणलंय वाटतं!’ त्याचं सोडून दे. गणपतीत नाशिक ढोल बडवून ज्याचे कान चार दिवस बधिर असतात, त्याला नायलॉनच्या चार तारा ऐकू आल्या हेच विशेष. वाद घालशील तर तो आणखी रंगात येईल.

काही जणांनी हे वाद्य खरोखरच खेळण्याच्या रूपात हातात घेतलेलं असतं. त्यांचं चुकतं असं नाही. १९५०च्या सुमारास अमेरिकेत प्लॅस्टिकची युकुलेली लाखोंनी खपली, तेव्हापासून ही ओळख त्याला चिकटली ती चिकटलीच. आपल्याकडेही रंगीबेरंगी स्वस्त नमुने मिळतात, आणि त्यातले बरेच बेसूर असतात. परीक्षा सोपी आहे. तार मोकळी छेड, मग दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर दाबून छेड. बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. तो चढा किंवा उतरा लागला तर कितीही रियाज केलास तरी वाजणार बेसूरच. तुझं मी तपासलंय, ते सुरात आहे. फक्त नव्या तारा ताणल्या जाऊन काही दिवस उतरत राहतात, तेव्हा दर वेळी बसलीस की आधी सूर लाव. निम्मी थट्टा तिथेच बंद होईल.

तसं पाहिलं तर याचं मूळ काही पोरखेळाचं नाही. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून मजुरांचं एक जहाज होनोलुलूला गेलं. त्यात लाकूडकाम करणारे तिघे होते. आपल्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांनी हवाईत हे घडवायला घेतलं, आणि तिथल्या कालाकौआ राजाने ते दरबारात वाजवून घेतलं. पण हा इतिहास काकाला ऐकवू नकोस. राजाने वाजवलं म्हणून वाद्य थोर, असं म्हणणंही मला पटत नाही.

उत्तर द्यायचं ते तुझ्या गाण्याच्या सरांना, कारण त्यांचा आक्षेप खरा आहे. ‘याला मंद्र नाही, मींड नाही, आस टिकत नाही.’ म्हणजे खालचं सप्तक नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही आणि छेडलेला स्वर लगेच विझतो. तिन्ही गोष्टी कबूल कर. मी जन्मभर भजनी मंडळात पेटी वाजवतोय, मला हे नवं नाही. मींड नाही, स्वर ठरलेले, परदेशी वाद्य, असं म्हणून १९४० साली रेडिओने पेटीला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत संतूर वाजवलं, तेव्हाही मींड नाही हीच खोट जाणकारांनी काढली होती. पेटीवर मींड आजही येत नाही. तरी साथीला पेटी लागतेच, कारण तिला जे जमतं ते तिच्याकडून काढून घेणारे वाजवणारे निघाले.

मग तुझ्या वाद्याला काय जमतं? मी परवा पेटीवर लावून पाहिलं. पेटीची पांढरी एक ही पट्टी सा धरली तर तुझ्या चार तारा म्हणजे वरून खाली प, सा, ग, ध. सगळ्या एकाच सप्तकात, आणि सर्वांत वरची तार खर्जाची नसून पंचमाची! गिटारवाले याला उलटं म्हणतात. पण म्हणूनच सरगम एका तारेवर न चढता तारा बदलत वाजवता येते: प मोकळा, ध मोकळा, मग नी परत वरच्या तारेच्या चौथ्या पडद्यावर, सा खालच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. आधीचा स्वर विझायच्या आत पुढचा वाजतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. जॉन किंग नावाच्या अमेरिकन वादकाने याच पद्धतीने बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना बसवल्या. आस टिकत नाही या आक्षेपाला मला तरी हे पुरेसं उत्तर वाटतं.

मंद्रासाठी वरच्या तारेच्या जागी जाड तार चढवता येते, मग मंद्र प, ध, नी मिळतात. पण ही गंमत जाते. दोन्ही हवं असेल तर दोन वाद्यं लागतील, आणि त्याचे पैसे तू कमवायला लागल्यावर.

आणि एक लक्षात आलं का? मोकळ्या चारही तारा भूप रागाच्या स्वरांच्या आहेत, दाबायचा राहतो तो फक्त रिषभ. भूपातलं एक छोटं भजन बसव. मंद्र धैवतावर उतरायची जागा येईल तिथे अडशील, तेवढी ती मी पेटीवर घेईन. आषाढीला आलीस की पंचवटीत मंडळापुढे वाजवू. मंडळी एरवी काळी एकला गातात, पण त्या दिवशी तुझ्या तारांसाठी पांढरी एक धरायला सांगतो. कुरकुरतील थोडे, पण गातील.

सरांनाही बोलाव. काका येईलच, प्रसाद असतो.

तुझा,
बाबा