हार उंचीमुळे झाली नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ यंदा शहर विभागातच गारद झाला. आपल्या क्रीडा पानावरच्या छोट्या बातमीत ‘उंच खेळाडूंची उणीव भोवली’ असं म्हटलं होतं. मी या संघातून खेळलेलो आहे, यंदाचे सामनेही जाऊन पाहिले. हे कारण मला अजिबात पटत नाही.

हरलेल्या सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आपली मुलं बरोबरीत होती, कधी पुढेही होती. उंची नडली असती तर पहिल्या मिनिटापासून रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत येणारे चेंडू, हातचे गेले असते. मुलांचा दम शेवटच्या १० मिनिटांत, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये, संपला. पाय जड झाले की बचाव करणारा सरकत नाही, हात घालतो आणि फाउल होतो. क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला दोन-दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट, मिळत गेले. खेळ रचणारा पॉइंट गार्ड पाच फाउल होऊन बाहेर बसला, तेव्हा चेंडू पुढे आणायला दुसरं कोणी तयारच नव्हतं. मग शॉट घ्यायला मिळणारे २४ सेकंद संपत आले की कोणीतरी लांबून घाईघाईत शॉट मारायचा. त्या मुलांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

संघ पावसाळ्याच्या तोंडावर निवडला जातो आणि पाऊस सरतो न सरतो तोच स्पर्धा येते. मधले सगळे महिने आमचं सिमेंटचं उघडं कोर्ट ओलं असतं, कडेला शेवाळ धरतं. मुलं वायपरने पाणी काढतात, थोडं खेळतात, की पुन्हा सर येते. घोटा मुरगळेल म्हणून फास्ट ब्रेकचा, म्हणजे चेंडू मिळताच धावत चढाई करण्याचा, सराव बंद ठेवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. त्यात गणपती, मग अंतर्गत परीक्षा. पाच विरुद्ध पाच, पूर्ण २८ मीटर कोर्टवर, असा सराव जवळपास झालाच नाही. मुलं पहाटे पर्वतीची टेकडी चढत होती, पण बास्केटबॉलचा दम वेगळा. पळायचं, थांबायचं, उडी मारायची, लगेच उलट पळायचं. तो कोर्टवरच कमवावा लागतो.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ काढला तोच मुळी थंडीत मुलांना छपराखाली खेळता यावं म्हणून. भारतीय महिला संघाला शिरीन लिमयेसारखी कर्णधार देणाऱ्या पुण्यात आम्ही तो भर पावसात उघड्यावर शिकवतो!

दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना शुल्क घेतलं जातं. त्यातून कोर्टवर छप्पर घालावं. ते किमान ७ मीटर उंच हवं, नाहीतर लांबचा शॉट वर अडकेल. ते होईपर्यंत एखाद्या शाळेचा किंवा क्लबचा बंदिस्त हॉल सकाळच्या वेळेला भाड्याने घ्यावा. प्रशिक्षकही स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस बोलावून भागत नाही. दुसरा पॉइंट गार्ड तयार करायला वर्ष लागतं.

यंदाच्या संघातली बरीच मुलं आता तृतीय वर्षात जातील. त्यांच्या हातात एकच मोसम उरला आहे. म्हणून व्यवस्थापनाने हा निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक माजी खेळाडू,
सदाशिव पेठ, पुणे